मदत हवी आहे: कंपनीचे ग्राहक आणि संस्थेचे देणगीदार, रेषा कुठे आखायची?

नमस्कार मंडळी. मी एका कंपनीत बिझनेस डेव्हलपमेंटची प्रमुख आहे. महिलांना कौशल्य प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेने मला नुकतंच संचालक मंडळावर घेतलंय. तिथलं काम मला मनापासून आवडतंय.

अडचण अशी, की मंडळाला माझ्याकडून मुख्यतः ओळखी हव्या आहेत. "ताई, तुमच्या मोठ्या ग्राहकांकडे शब्द टाका ना," हे प्रत्येक बैठकीत निघतं. पण ज्यांच्याशी कंपनीचा करार अजून व्हायचाय, त्यांच्याकडे मीच देणगी मागितली तर त्यांना नाही म्हणणं जड जाणार. असा दबाव टाकणं मला पटत नाही. शिवाय आमची कंपनी संस्थेला सॉफ्टवेअरही विकू पाहतेय. त्या विषयात माझा हितसंबंध लेखी जाहीर करायचा, चर्चा आणि मतदान दोन्हींतून बाहेर राहायचं आणि इतिवृत्तात तशी नोंद करून घ्यायची, एवढं मी पक्कं केलंय. ग्राहकांचं मात्र कोडं सुटत नाही.

आणखी एक. प्रकल्पासाठी आलेला पैसा त्याच प्रकल्पावर खर्च करावा लागतो. मग कार्यालयाचं भाडं, हिशेबनिसाचा पगार कुठून आणायचा? देणगीदारांना हा खर्च फालतू वाटतो, पण त्याच्याशिवाय संस्था चालतच नाही. प्रस्तावात तो कसा मांडावा?

अशा मंडळावर कोणी काम केलंय का? ग्राहकांकडे जाण्याआधी कंपनीची लेखी परवानगी घेतलीत, की ते काम मंडळातल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवलंत? हितसंबंधांच्या धोरणाचा एखादा नमुना असेल तर कृपया पाठवा. पुढच्या बैठकीत तो मांडायचा आहे.