हळद, मिरची आणि गुडघ्यांची सूज

रोज रात्री हळदीचे दूध घेतल्याने गुडघ्यांची सूज उतरते का, या प्रश्नावर "हळदीने अपाय तर होत नाही ना" असे एक उत्तर वाचनात आले. त्यात थोडी भर घालतो. हळकुंडात कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारे संयुग) वजनाने साधारण 2 ते 5 टक्केच असते. पेशीतील एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन सूज वाढवणाऱ्या जनुकांना चालना देते आणि कर्क्युमिन त्यालाच आवर घालत असल्यामुळे प्रयोगशाळेतील निष्कर्ष आशादायक दिसतात. अडचण पुढे आहे: कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि यकृत त्याचा लगेच निपटारा करते. 1998 सालच्या एका अभ्यासात 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातील 20 मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर ते रक्तात कितीतरी अधिक उतरले. पण दुधातल्या चमचाभर हळदीत 2 ग्रॅम कर्क्युमिन येणार कुठून?

आपल्या खानदेशात खरे तर मिरचीची चर्चा आधी व्हायला हवी. नंदुरबारला वाळत घातलेल्या लाल मिरचीजवळून जाताना ठसका लागतो, तो मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिनमुळे. हेच संयुग मलमातून सांध्यावर नियमित लावल्यास वेदनेचा संदेश नेणारे मज्जातंतू मंदावतात. मात्र त्याने दुखणे कमी झाले तरी सूज उतरलीच असे नव्हे. (भरितातल्या मिरचीकडून ही अपेक्षा ठेवू नये.)

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी कर्क्युमिनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. भाजीतल्या हळदीला ही आडकाठी नाही.