त्रैक्य समजावताना पाय नेमका कुठे घसरतो?

देव एकच, तरी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. बायबल अभ्यासात नवख्याला हे सांगताना कुठली मांडणी टिकते, कुठली दगा देते, ते लिहा. आपबीती नको, मुद्द्याचं लिहा.

* * *

पाणी-बर्फ-वाफ आधी बंद करा. तेच पाणी रूपं बदलतं, म्हणजे एकच देव तीन वेष घेतो असा अर्थ निघतो. तिसऱ्या शतकात साबेल्लियस या धर्मशिक्षकाच्या नावाने हेच मत नाकारलं गेलं. मत्तय 3:16-17 उघडा: पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा उतरतोय, आकाशातून वाणी होतेय. तिघेही एकाच क्षणी.

* * *

वर्गात कुणीतरी हुशार निघतोच. 0.01 अंश सेल्सिअस आणि साधारण 611 पास्कल दाबाला तिन्ही अवस्था एकत्र राहतात, म्हणतो. खरं आहे, पण आता घसरण दुसऱ्या बाजूला: थोडा बर्फ, थोडं पाणी, थोडी वाफ. पिता म्हणजे देवाचा एक तृतीयांश नव्हे.

* * *

घोळ ‘व्यक्ती’ या शब्दात आहे. मराठीत तीन व्यक्ती म्हटलं की बाकावर बसलेली तीन माणसं दिसतात. ग्रीकमध्ये ‘ऊसिया’ म्हणजे सत्त्व आणि ‘हुपोस्टासिस’ म्हणजे ते धारण करणारा. 325च्या निकेया इथल्या धर्मपरिषदेत हे शब्द जवळपास एकाच अर्थाने आले, फरक पुढच्या काही दशकांत पक्का झाला. फळ्यावर दोन प्रश्न लिहा. ‘काय?’ उत्तर एक. ‘कोण?’ उत्तर तीन. एकाच प्रश्नाला दोन उत्तरं दिली असती तर विसंगती झाली असती.

* * *

योहान 10:30, ‘मी आणि पिता एक आहोत’, मूळ ग्रीकमध्ये बघण्यासारखं आहे. तिथला ‘एक’ म्हणजे ‘हेन’, नपुंसकलिंगी. पुल्लिंगी ‘हेइस’ असतं तर दोघे मिळून एकच कुणी असं झालं असतं. शिवाय क्रियापद अनेकवचनी, ‘एस्मेन’, म्हणजे ‘आहोत’. मराठी ‘एक’ला लिंग दिसत नाही, म्हणून ही खूण भाषांतरात पुसली जाते. पण एवढ्यावर इमला रचू नका. योहान 17:22 मध्ये हाच ‘हेन’ शिष्यांबद्दलही येतो.

* * *

‘पुत्र’ म्हटलं की ऐकणारा लगेच वय मोजतो. चौथ्या शतकातल्या एरियस या धर्मगुरूचं म्हणणं हेच होतं, पुत्र नव्हता अशी एक वेळ होती. निकेयात ठरलेल्या मतांगीकाराने, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीने, उत्तर दिलं: जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे. सुतार खुर्ची करतो, ती सुताराच्या जातीची नसते. माणसाला माणूसच होतो. तुलना इथवरच न्या, आधी-नंतर त्यात आणू नका. सूर्य-किरणाचा दाखला टाकाऊ आहे असं काही जण म्हणतात, मला पटत नाही. मतांगीकारच ‘प्रकाशापासून प्रकाश’ म्हणतो. फक्त किरण म्हणजे सूर्याहून कमी काहीतरी, असं वाटायच्या आत थांबा.

* * *

पवित्र आत्म्याला ‘शक्ती’ म्हणून उरकू नका, विजेचा दाखला तर नकोच. प्रेषितांची कृत्ये 13:2 मध्ये तो ‘माझ्यासाठी’ म्हणून बोलतो, इफिसकरांस 4:30 मध्ये त्याला खिन्न करता येतं. मराठीत आत्मा पुल्लिंगी असल्याने ‘तो’ सहज बसतो, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही: ग्रीक ‘प्न्युमा’ नपुंसकलिंगी, हिब्रू ‘रूआह’ बहुधा स्त्रीलिंगी.

* * *

पवित्र आत्मा फक्त पित्यापासून निघतो की ‘आणि पुत्रापासून’ही, हा वाद पहिल्या तासाला काढू नका. पूर्वेकडच्या मंडळ्या हे शब्द आजही म्हणत नाहीत. पश्चिमेने ते मतांगीकाराच्या 381च्या मजकुरात मागाहून घातले.