फ्लेक्सिबल ॲरे असलेले स्ट्रक्चर दुसऱ्या स्ट्रक्चरच्या पोटात ठेवल्यास कंपायलर नेमके काय करतो?

प्रश्न – फर्मवेअर_पांथस्थ

नमस्कार. सेन्सरकडून येणाऱ्या नोंदींसाठी मी सी भाषेत 'नोंद' नावाचे स्ट्रक्चर लिहिले आहे. त्यात 'वेळ' हा ६४ बिटांचा, 'लांबी' हा ३२ बिटांचा आणि सर्वांत शेवटी 'मजकूर' हा बाइटचा ॲरे आहे, ज्याचा चौकटी कंस मुद्दाम रिकामा ठेवला आहे (म्हणजे लांबी आधी न ठरवलेला फ्लेक्सिबल ॲरे). 'उपकरण' नावाच्या दुसऱ्या स्ट्रक्चरमध्ये आधी 'शेवटची' या नावाने एक अख्खी 'नोंद' आणि तिच्या खाली 'अवस्था' हा ३२ बिटांचा मेंबर (स्ट्रक्चरचा एक घटक) आहे.

जुना सेन्सर ४ बाइट पाठवत असे आणि सारे सुरळीत चालत होते. नवा सेन्सर ६ बाइट पाठवतो, आणि तो जोडल्यापासून 'अवस्था'चे खालचे दोन बाइट बिघडू लागले आहेत. प्रोसेसर ६४ बिटांचा, लिटल एंडियन (संख्येचा सर्वांत खालचा बाइट आधी ठेवणारा) आहे. जीसीसी या कंपायलरला 'वॉल' आणि 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' हे इशारे वाढवणारे दोन्ही पर्याय देऊनही त्याने चकार शब्द काढला नाही. असे स्ट्रक्चर मुळात चालत नसेल तर कंपायलरने ते स्वीकारलेच कसे, आणि चालत असेल तर पहिल्या चार बाइटांना मुभा आणि पाचव्यापासून गोंधळ, हा प्रकार काय आहे?

उत्तर – बाइट_मोजणारा

आधी चार बाइटांचे कोडे सोडवू, कारण बाकीचे उत्तर त्यातच दडलेले आहे. 'वेळ' ०व्या बाइटपासून ७व्यापर्यंत बसते, 'लांबी' ८ ते ११ या जागेत बसते, आणि 'मजकूर' बाइटचा असल्यामुळे त्याला अलाइनमेंटची (पत्ता ठरावीक संख्येच्या पटीत असण्याची) अट नसते, म्हणून तो लगेच १२व्या बाइटपासून सुरू होतो. पण संपूर्ण स्ट्रक्चरची अलाइनमेंट ८ असल्याने त्याचा आकार ८च्या पटीत न्यावा लागतो, म्हणून 'साइझऑफ' (स्ट्रक्चरचा बाइटांतला आकार) १६ येतो. म्हणजे १२ ते १५ हे चार बाइट एकाच वेळी पॅडिंगही (आकार पुरा करण्यासाठी सोडलेली मोकळी जागा) आहेत आणि 'मजकूर'चे पहिले चार घटकही. तुमचा जुना सेन्सर इतकी वर्षे या पॅडिंगमध्ये भाडे न देता राहत होता. 'उपकरण'मध्ये 'अवस्था' १६व्या बाइटवर येते, त्यामुळे 'मजकूर'चे पाचवे आणि सहावे घर थेट तिच्या खालच्या दोन बाइटांवर पडते.

नियमाबद्दल सांगायचे तर फ्लेक्सिबल ॲरे मेंबर भाषेत अधिकृतपणे आला तो सी९९ या स्टँडर्डमध्ये, आणि त्याच वेळी अशी अटही घातली गेली की असे स्ट्रक्चर, किंवा ते ज्याच्या पोटात आहे असे युनियन, दुसऱ्या कोणत्याही स्ट्रक्चरचा मेंबर किंवा ॲरेचा घटक होऊ शकत नाही. ही अट मोडली तर कंपायलरने तसे कळवावे इतकेच स्टँडर्ड मागते. प्रोग्राम नाकारलाच पाहिजे असे ते म्हणत नाही. जीसीसी याचाच फायदा घेऊन हे बांधकाम स्वतःचे एक्स्टेन्शन (स्टँडर्डबाहेरची सोय) म्हणून स्वीकारतो आणि 'पेडँटिक' हा काटेकोरपणाचा पर्याय दिल्याशिवाय तक्रार करत नाही.

उत्तर – दोन_कंपायलर_बाळगणारी

वरील उत्तराला थोडी जोड देते. क्लँग हा दुसरा कंपायलर इथे जीसीसीइतका मुखदुर्बळ नाही. असे स्ट्रक्चर बाहेरच्या स्ट्रक्चरच्या शेवटी असेल तर तो गप्प राहतो, पण त्याच्यानंतर आणखी एखादा मेंबर असेल तर कोणताही वेगळा पर्याय न देताही इशारा देतो. जीसीसीने १४व्या आवृत्तीत 'डब्ल्यू-फ्लेक्स-ॲरे-मेंबर-नॉट-ॲट-एंड' हा पर्याय नेमका याच चुकीसाठी आणला, परंतु तो 'वॉल'मध्ये येत नाही, वेगळा द्यावा लागतो. जीसीसीच्या दस्तऐवजातही हा फरक केलेला आहे: शेवटी ठेवणे हे एक्स्टेन्शन म्हणून मान्य आहे, मधोमध ठेवणे मात्र कालबाह्य ठरवले आहे.

शिवाय 'अवस्था' बिघडलेली तुम्हाला दिसली, हे एका अर्थी नशीबच म्हणायचे. ऑप्टिमायझेशन चालू असताना, 'मजकूर'मध्ये केलेले लेखन शेजारच्या मेंबरला स्पर्श करणार नाही असे कंपायलर गृहीत धरू शकतो आणि 'अवस्था'ची जुनी किंमत रजिस्टरमध्येच धरून ठेवू शकतो. मग मेमरीत एक आणि छापलेल्या ओळीत दुसरेच, असे दृश्य दिसते आणि दोन दिवस डीबगरसमोर जातात.

उपाय म्हणून 'वेळ' आणि 'लांबी' यांचे 'शीर्ष' नावाचे वेगळे स्ट्रक्चर करावे, 'नोंद'मध्ये ते 'शीर्ष' आणि त्याखाली 'मजकूर' ठेवावा, आणि 'उपकरण'मध्ये फक्त 'शीर्ष' घ्यावे. लिनक्स कर्नलमध्ये 'स्ट्रक्ट_ग्रुप_टॅग्ड' हा मॅक्रो याच कल्पनेसाठी वापरतात. आतल्या मेंबरांची नावे न बदलता तो त्यांच्या गटाला स्वतंत्र टाइप देतो.

उत्तर – बाइट_मोजणारा

उपाय योग्यच आहे, पण एका ठिकाणी पाय घसरेल, म्हणून लिहितो. 'शीर्ष' वेगळे केले की त्याचा स्वतःचा आकार पॅडिंगसह १६ होतो, आणि त्याच्यानंतर येणारा 'मजकूर' आता १२व्या नव्हे तर १६व्या बाइटपासून सुरू होतो. डेटा फक्त मेमरीत राहत असेल तर बिघडत नाही. परंतु हेच स्ट्रक्चर जसेच्या तसे फ्लॅशमध्ये लिहिले जात असेल, तर जुन्या सगळ्या नोंदी चार बाइटांनी सरकलेल्या वाचल्या जातील. 'मजकूर'चा ऑफसेट १२ आहे हे कंपाइल करतानाच तपासणारी एक 'स्टॅटिक ॲसर्ट' ओळ आजच घाला. ऑफसेट टिकवायचाच असेल तर 'शीर्ष'ला 'पॅक्ड' (पॅडिंग नको) आणि 'अलाइन्ड ४' (अलाइनमेंट ४) ही दोन्ही ॲट्रिब्यूट्स द्यावी लागतील. त्यानंतर आकार १२ राहतो, मात्र 'वेळ'ला ८ची अलाइनमेंट मिळण्याची हमी उरत नाही, त्यामुळे तिचा पत्ता पॉइंटरमध्ये घेऊन फिरवू नये.

प्रश्नकर्त्याचे म्हणणे – फर्मवेअर_पांथस्थ

दोघांचेही आभार. नोंदी फ्लॅशमध्येच जातात, त्यामुळे ती 'ॲसर्ट' ओळ लगेच घातली आणि 'शीर्ष' वेगळे करताच बिल्ड तिथेच अडकले. सध्या 'शेवटची' हा मेंबर 'उपकरण'च्या तळाशी नेऊन ठेवावा असा विचार आहे. मग तरी सारे ठीक होईल ना? चाचणीसाठी मी एक 'उपकरण' फाइलच्या माथ्यावर, आतल्या मजकुरासकट, थेट किमती भरून तयार करतो.

उत्तर – दोन_कंपायलर_बाळगणारी

जीसीसी आणि क्लँग या दोघांपुरते तळाशी ठेवणे चालेल. स्टँडर्डच्या दृष्टीने मात्र ती अट तेव्हाही मोडलेलीच राहते. चाचणीचा तो मार्ग बंद होईल. सुट्या 'नोंद'च्या 'मजकूर'मध्ये सुरुवातीच्या किमती भरू देणे हे जीसीसीचे एक्स्टेन्शन आहे, पण तीच 'नोंद' दुसऱ्या स्ट्रक्चरच्या आत असेल तर जीसीसी सरळ एरर देतो, कारण खोलवर एकात एक असलेल्या ॲरेंमध्ये किमती भरण्यातली गुंतागुंत आणि गोंधळ त्याला टाळायचा आहे. आतला कंस रिकामा सोडलात तर चालेल.

'एक उपकरण दुसऱ्यावर असाइन करणे' कोडमध्ये कुठे आहे का, तेही शोधा. असाइनमेंटमध्ये 'मजकूर' सोडून बाकीच्या मेंबरांचीच नक्कल होण्याची खात्री असते; 'साइझऑफ'च्या आत पडणारे मजकुराचे पहिले चार बाइटही येतीलच असे नाही, आणि पुढचे शेपूट तर मागेच राहते. तुमच्या जागी मी असते तर 'उपकरण'मध्ये 'नोंद'चा पॉइंटर ठेवला असता. फ्लॅशमधला आराखडा जसाच्या तसा राहतो आणि 'अवस्था'ला कुठेही ठेवता येते.

फर्मवेअर_पांथस्थ

असाइनमेंट दोन ठिकाणी सापडली, आणि त्यातली एक इंटरप्ट हँडलरमध्ये आहे. पॉइंटरच करतो.