लीफ्सनी पेरणीचं बियाणं दळून खाल्लं

मिसिसागाकर (जुलै २०२५)

१ जुलैला सकाळी लेकाने हॉकीपटू मिच मार्नरची १६ नंबरची जर्सी कपाटातून काढली, बाह्या आत दुमडून नीट घडी घातली आणि सगळ्यात खालच्या खणात, हिवाळी मोज्यांच्या खाली ठेवली. मग विचारलं, "बाबा, त्याच्या बदल्यात आपल्याला कोण मिळालं?" म्हटलं, निकोलस रॉय. दहा वर्षांचं पोर, पुढे एक शब्द बोललं नाही.

टोरांटो मेपल लीफ्स या आमच्या आइस हॉकी संघाने मार्नरला आठ वर्षांचा, वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरचा करार देऊन त्याच पावली व्हेगासला धाडलं. गेल्या मोसमात १०२ गुण (गोल आणि असिस्ट मिळून) केलेला खेळाडू गेला आणि तिसऱ्या फळीचा एक सेंटर आला. मार्नरचा करार संपत होता, तो तसाही फुकटात सुटून जाणार होता, तेव्हा रॉय मिळाला तेवढा पदरात पडला असं मी धरतो. त्यावरून मी भांडायला आलेलो नाही.

माझा जीव तुटतोय तो ड्राफ्टसाठी. ज्यांना हॉकीची सवय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ३२ संघ सात फेऱ्यांत अठरा वर्षांची पोरं निवडतात, आणि तळाच्या संघांची निवड आधी. २७ जूनला आम्ही बापलेक पहिली फेरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघत बसलो. लीफ्सचं नाव पुकारलंच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ६४ व्या क्रमांकावर, दुसऱ्या फेरीच्या अगदी शेपटाला, आपली पहिली निवड आली: नॉर्वेचा टिनस लुक कोबलार. यंदाचा पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे निवडीचा हक्क, २०२३ मध्येच जेक मकेबसाठी शिकागोला गेला होता. २०२६ चा ब्रँडन कार्लोसाठी बोस्टनला गेलाय. २०२७ चा स्कॉट लॉटनसाठी फिलाडेल्फियाला. अटी आहेत, पण त्या आपण तळाला गेलो तरच लागू होणार. म्हणजे सलग तीन उन्हाळे पहिल्या फेरीत आपण नुसते प्रेक्षक.

आणि फ्रेझर मिंटनचं काय? २०२२ मध्ये गोलरक्षक पीटर म्राझेकच्या कराराचं ओझं उतरवायला लीफ्सनी २५ वा पिक शिकागोला दिला आणि ३८ वा घेतला. त्यातून मिंटन आला. पोरगं तीन वर्षांत तयार होत आलं, तर कार्लोच्या व्यवहारात २०२६ च्या पिकसोबत तेही बोस्टनला! प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) वारंवार ज्यांच्यापुढे आपण मान टाकतो, त्यांच्याच घरी आपलं पीक नेऊन ओतलं.

कणगीतलं बियाणं दळून खाल्लं की एक दिवाळी गोड होते. मृग आला की पेरणार काय?

वैनतेय

मिसिसागाकर, भावना पोचल्या, हिशोब पटला नाही.

आपला कर्णधार ऑस्टन मॅथ्यूज २७ वर्षांचा आहे आणि त्याचा करार २०२८ च्या उन्हाळ्यात संपतो. आज ड्राफ्टमध्ये घेतलेला अठरा वर्षांचा मुलगा खरा उपयोगी होईपर्यंत ते साल उजाडलेलं असेल. म्हणजे तुम्ही पेरायचं आणि कापणीला मॅथ्यूजच नसायचा.

ज्या व्हेगासला मार्नर गेला त्यांच्याकडे बघा. २०१७ मध्ये त्यांनी पहिल्या फेरीत तीन पोरं घेतली: ग्लास, सुझुकी, ब्रॅनस्ट्रॉम. तिघंही विकली. २०१९ चा क्रेब्स जॅक आयकलसाठी दिला. २०२३ मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलला. आपण १९६७ पासून वाट बघतोय. तुमचं बियाणं जपून कणगी भरली, पण ताटात काय पडलं?

आणि पहिली फेरी म्हणजे काही परीस नाही. २०१३ मध्ये लीफ्सनी २१ व्या क्रमांकावर फ्रेडरिक गोटिये घेतला आणि ८२ व्या क्रमांकावर कार्टर व्हरहेगी. आज कोणाचं नाव घेतात? मॅथ्यू नाईज २०२१ चा, ५७ वा, दुसऱ्या फेरीतला. त्या वर्षी आपल्याकडे मिळून तीनच पिक होते. त्याच नाईजला आता सहा वर्षांचा करार दिलाय, वर्षाला ७७ लाख ५० हजारांचा. निरखून घेणारा माणूस असला की ५७ व्यातही सोनं मिळतं.

मिसिसागाकर

वैनतेय, व्हरहेगीचं नाव काढलंत ते बरं केलंत. त्याला लीफ्सनी काय केलं? २०१५ मध्ये आणखी चार पोरांबरोबर मोळी बांधून आयलंडर्सना दिला, करार संपत आलेल्या मायकल ग्रॅबनरसाठी. ग्रॅबनर एक मोसम खेळून गेला. व्हरहेगी फ्लोरिडाच्या जर्सीत दोन कप जिंकला, आणि मे महिन्यात आपल्याला घरी बसवणाऱ्या संघात तोच होता. निवड अचूक होती, धीर नव्हता. माझं म्हणणं तेच तर आहे.

व्हेगासनेही बियाणं विकलं, खरं. पण विकून काय आणलं? मार्क स्टोन, आल्याबरोबर आठ वर्षांचा करार. जॅक आयकल, पुढची पाच वर्षं बांधलेला. सोनं देऊन त्यांनी जमीन घेतली. आपण काय घेतलं? लॉटन, ज्याचा करार पुढच्या उन्हाळ्यात संपतो. त्याआधी २०२१ मध्ये पहिल्या फेरीचा पिक देऊन निक फोलिन्यो आणला. तो सात साखळी सामने आणि चार प्लेऑफ सामने खेळला, माँट्रियालकडून आपण हरलो, आणि उन्हाळ्यात तो बोस्टनला निघून गेला. सात अधिक चार, अकरा सामने. एका पिकचे!

विकू नका असं मी म्हणतच नाही. मातीमोल भावाने विकू नका म्हणतोय.

रिंकवरची आई

मला तुम्हा दोघांचंही पटत नाही. मिसिसागाकर, "मार्नरवरून भांडायला आलो नाही" हे तुम्ही किती पटकन लिहून गेलात!

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. शनिवारी पहाटे सहाची प्रॅक्टिस असते. रबरी चटईवर गुडघे टेकून मी तिच्या स्केटच्या नाड्या आवळते. दोनदा आवळाव्या लागतात, कारण पहिल्या वेळी बोटं गारठलेली असतात. तिने विंगर (कडेने खेळणारी आक्रमक) व्हायचं ठरवलं ते मार्नरला बघून. मार्कमचा जन्म, इथल्याच रिंकांवर वाढलेला. २०१५ चा चौथा पिक होता तो. तुमचे २५ वे आणि २८ वे पिक दहा वर्षं साठवलेत तरी त्यातून असा एक निघेल याची खात्री कोण देईल?

खरी चूक २०२३ च्या उन्हाळ्यात झाली. मार्नरचं नो-मूव्ह कलम, म्हणजे त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघाला देता न येण्याची अट, १ जुलै २०२३ ला लागू झालं. ३० जूनपर्यंत त्याला हव्या त्या संघाकडे पाठवता येत होतं, आणि तेव्हा एका रॉयवर भागलं नसतं. पिक, तयार खेळाडू, सगळं मिळालं असतं. ब्रॅड ट्रेलिव्हिंगना जनरल मॅनेजर होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता, आणि तो महिना निघून गेला. पुढची दोन वर्षं चावी मार्नरच्या खिशात होती. तुम्ही कार्लो आणि लॉटनचा हिशोब मांडताय, पण सगळ्यात मोठी रक्कम त्या एका महिन्यात बुडाली.

पहाटेचा प्रेक्षक

अकरा वर्षं स्कारबरोला होतो, आता पुण्यात. प्लेऑफचे सामने इथे पहाटे लागतात. १९ मेला कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या आत फ्लोरिडाविरुद्धचा सातवा सामना आपण ६-१ ने हरलो होतो. पाचवाही घरच्याच बर्फावर ६-१. आणि त्या मालिकेत आपण २-० ने पुढे होतो हो!

ज्यांनी ती मालिका डोळ्यांनी पाहिली त्यांना अठरा वर्षांची पोरं नको आहेत. कठड्यावर अंग टाकणारी, गोलसमोर उभी राहून मार खाणारी माणसं हवी आहेत. रॉय सहा फूट चार इंच आहे, व्हेगासबरोबर कप जिंकलाय. डकोटा जोशुआ व्हँकुव्हरहून आला तो २०२८ च्या चौथ्या फेरीच्या पिकवर. टॅव्हारेस चार वर्षांसाठी राहिला, वर्षाला ४४ लाखांच्याही आत. त्याआधी १ कोटी १० लाख घेत होता. प्रशिक्षक बेरुबेंना ज्या धाटणीचा संघ हवाय तो आता कुठे दिसायला लागलाय. आणि मकेबला विसरू नका. तोही एका पहिल्या फेरीच्या पिकवरच आला, आणि आज आपल्या बचावाचा कणा आहे.

मिसिसागाकर

मकेबच्या बाबतीत मी हरलो. शिकागोकडून आला तेव्हा दोन वर्षांहून अधिक करार बाकी होता, नंतर पाच वर्षांसाठी इथेच राहिला. असे व्यवहार केले तर मी एका शब्दाने बोलणार नाही. कार्लोलाही आणखी दोन मोसम आहेत, बोस्टनने थोडा भार उचलल्यामुळे तो ३५ लाखांच्या आत पडतो. त्याचा निकाल आज लावत नाही. मिंटन मात्र टोचतो, टोचत राहणार.

रिंकवरची आई, २०२३ चं तुमचं खरं आहे. नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात संघाचा लाडका विकायचा म्हणजे अवघड होतं, पण त्याची किंमत आपण आज मोजली. आणि मार्नरवरून पुढे सरकायची घाई मी केली, हेही खरं. ती जर्सी खालच्या खणात गेली तेव्हा वाईट मलाही वाटलं.

आता कणगीत उरलं काय? ईस्टन कॉवन, २०२३ चा २८ वा. जूनच्या पहिल्या तारखेला त्याच्या लंडन नाइट्स या कॅनडातल्या ज्युनियर संघाने मेमोरियल कप जिंकला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तो ठरला. बेन डॅनफर्ड, २०२४ चा ३१ वा. मार्चमध्ये खेळाडूंच्या अदलाबदलीच्या अंतिम मुदतीला कोणाचा तरी फोन येईल आणि समोरचा कॉवनचंच नाव घेईल. तेव्हा फोन ठेवून द्यावा, एवढंच मागणं आहे.

वैनतेय

लॉटनचा भाव जास्त गेला, हे मान्य करतो. कॉवनबद्दलच्या तुमच्या मागणीवर मात्र सही करणार नाही. समोरून पाच वर्षं बांधलेला पहिल्या फळीचा विंगर येत असेल आणि मॅथ्यूजच्या शेजारची जागा रिकामी असेल, तर मी कॉवन देईन.

रिंकवरची आई

आधी ऑक्टोबरमध्ये कॉवनला मॅथ्यूजच्या शेजारी दहा सामने खेळवून तर बघा.