सोसायटी ग्रुप: मेल आपोआप लागावेत, पण दडू नयेत

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. सोसायटीच्या ईमेल खात्यात न वाचलेल्या मेलचा ढीग झालाय. जाहिराती, बँकेच्या सूचना, लिफ्टवाल्यांचे अहवाल आणि सभासदांच्या तक्रारी, सगळं एकातच. मेल आले की आपोआप वेगळे लागतील अशी काही सोय करता येते का? जाणकारांनी सांगावं.

बी-४०३: येते. आपलं खातं जीमेलचं आहे, त्यात फिल्टर लावता येतात. मेल आला की फिल्टर अट तपासतो आणि अट जुळली तर ठरवून दिलेलं काम करतो: लेबल, म्हणजे नावाची चिठ्ठी लावतो, इनबॉक्समधून बाजूला काढतो, तारा लावतो, पुढे पाठवतो किंवा डिलीट करतो. सुरुवात जाहिरातींपासून करा, तक्रारींना इतक्यात हात लावू नका. एखादी जाहिरात इनबॉक्समध्ये राहिली तर काही बिघडत नाही. तक्रार मात्र बाजूला गेली तर लिहिणारा माणूस उत्तराची वाट बघत बसतो.

ए-१०२: मी माझ्या मोबाइलवर शोधलं. सेटिंग्जमध्ये फिल्टर कुठेच दिसत नाही.

बी-४०३: काका, मोबाइलच्या जीमेल ॲपमध्ये फिल्टर बनवता येत नाही. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा. वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला एक छोटं चिन्ह आहे. ते दाबलं की फ्रॉम, टू, सब्जेक्ट असे रकाने उघडतात. ते भरा आणि खाली 'क्रिएट फिल्टर' दाबा. एकदा बनवला की तो गुगलच्या सर्व्हरवर चालतो. तुमचा कॉम्प्युटर बंद असला तरी मोबाइलवर मेल लावलेलेच दिसतील.

सी-२०१: आमच्या ऑफिसात मेलसाठी मायक्रोसॉफ्टचं आउटलुक आहे, त्यात फिल्टरला रूल म्हणतात. माझा एक रूल लॅपटॉप बंद असला की चालतच नाही. उघडला की मग भराभर मेल हलतात.

बी-४०३: ताई, डेस्कटॉपवरच्या जुन्या आउटलुकमध्ये काही रूल सर्व्हरवर चालतात आणि काही फक्त आउटलुक उघडं असतानाच. मेल तुमच्या लॅपटॉपवरच्याच फोल्डरमध्ये टाकायचा असेल किंवा आवाज वाजवायचा असेल, तर ते काम सर्व्हरला करता येत नाही. मेलबॉक्समधलाच फोल्डर निवडून बघा. आणखी एक, आउटलुक रूल वरून खाली क्रमाने तपासतं, आणि एखाद्या रूलमध्ये 'स्टॉप प्रोसेसिंग मोअर रूल्स' निवडलेलं असेल तर त्या मेलसाठी खालचे रूल चालत नाहीत. जीमेलमध्ये असं थांबवणं नाही. एका मेलला तीन फिल्टर जुळले तर तिन्ही लागू होतात.

खजिनदार: मग 'बिल' शब्दावर फिल्टर लावते. ज्यात बिल शब्द असेल तो मेल बिलांच्या लेबलखाली, इनबॉक्समध्ये नको.

बी-४०३: मॅडम, असं नका करू. 'बिल भरा आणि सवलत मिळवा' ही जाहिरातही त्यात जाईल. 'माझं बिल चुकीचं आलंय' ही सभासदाची तक्रारही जाईल. आणि ज्या कंत्राटदाराने इनव्हॉइस असं लिहिलंय त्याचं खरं बिल सापडणार नाही. शब्द कुणीही कसाही वापरतो. पाठवणाऱ्याचा पत्ता सहसा बदलत नाही, म्हणून आधी फ्रॉम रकाना भरायचा. लिफ्ट, पंप, सफाई अशा तिघांचे पत्ते इंग्रजी मोठ्या अक्षरांत ओआर लिहून एकाच फिल्टरमध्ये जोडता येतात.

बी-४०३: आणि हे सगळ्यांसाठी, कारण सगळ्यात जास्त चुका इथे टळतात. फिल्टर म्हणजे जपून ठेवलेला शोध. म्हणून बनवण्याआधी तीच अट घालून नुसतं शोधून बघा. जुन्या मेलमधले कोणते समोर येतात? पहिली दोन-तीन पानं नीट वाचा. एकही नको असलेला मेल दिसला तर अट अजून सैल आहे. नको असलेला शब्द 'डझंट हॅव' रकान्यात टाका आणि पुन्हा शोधा. यादी स्वच्छ आली की मगच फिल्टर. शेवटच्या पायरीवर जुन्या मेलनाही हेच लागू करायचं का, असा एक चौकोन असतो. तो टिचकवला की साचलेला ढीगही लागतो.

खजिनदार: हे करून बघितलं. 'बिल' शोधल्यावर खरंच सभासदांचे मेल जास्त आले, कंत्राटदारांचे कमी. पत्त्यांवरच लावते.

ए-१०२: जाहिराती सरळ डिलीट करणारा फिल्टर लावला तर? कटकट संपली.

बी-४०३: काका, डिलीटला माझा ठाम विरोध आहे. फिल्टरने डिलीट केलेला मेल ट्रॅशमध्ये जातो आणि ३० दिवसांनी कायमचा पुसला जातो. अट थोडी जरी चुकली असेल तर ते कळेपर्यंत महिना उलटलेला असतो. 'स्किप द इनबॉक्स' निवडा आणि लेबल लावा. मेल नजरेआड होतो, पण शोधला की सापडतो. रोजच्या जाहिरातींसाठी तर आधी 'अनसबस्क्राइब' करा. दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्या कंपन्यांना जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढायची सोय देणं जीमेलने २०२४ मध्ये बंधनकारक केलंय. जो मेल फसवणुकीचा वाटतो त्यातली कुठलीच लिंक मात्र दाबू नका, तो सरळ स्पॅम म्हणून नोंदवा.

सी-२०१: सभासदांच्या तक्रारींचं काय करायचं? आम्ही कुणी विषयात फ्लॅट नंबर लिहितो, कुणी काहीच लिहीत नाही.

बी-४०३: त्यासाठी जीमेलची एक चांगली सोय आहे. पत्त्यात ॲटच्या चिन्हाआधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द घातला तरी मेल त्याच खात्यात येतो. म्हणजे सोसायटीच्या पत्त्यालाच अधिक चिन्हानंतर 'तक्रार' शब्द रोमन अक्षरांत जोडायचा आणि तो पत्ता नोटीस बोर्डावर लावायचा. नवीन खातं नको, नवीन पासवर्ड नको. फिल्टरमध्ये टू रकान्यात तोच पत्ता, आणि काम एवढंच: लेबल आणि तारा. स्पॅममध्ये जाऊ देऊ नये हेही निवडा. 'स्किप द इनबॉक्स' मात्र अजिबात नाही. ज्या मेलवर माणसाने काही करायचं आहे तो इनबॉक्समध्येच राहिला पाहिजे.

सचिव: आणि ज्यांनी जुन्याच पत्त्यावर लिहिलं ते?

बी-४०३: ते कुठल्याच फिल्टरला जुळणार नाहीत, म्हणून इनबॉक्समध्येच दिसतील. तेच हवंय. ओळखीचे, ठरावीक मेल बाजूला काढले की जे उरतं ते माणसाने वाचायचं.

खजिनदार: बँकेच्या मेललाही 'स्पॅममध्ये नको' लावू का?

बी-४०३: नुसतं बँकेचं नाव किंवा 'खातं' असा शब्द टाकून नको. तोच शब्द फसवणारेही वापरतात, मग त्यांच्या मेललाही तुम्ही दार उघडून दिल्यासारखं होतं. बँकेचे मेल आणि सुरक्षेच्या सूचना जसे येतात तसे येऊ द्या. फक्त रंगीत लेबल लावा.

सचिव: मी आत्ता सेटिंग्जमध्ये 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस' उघडलं. तिथे आधीपासूनच एक फिल्टर आहे. अटॅचमेंट असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या एका पत्त्यावर जातोय.

ए-५०२: तो पत्ता माझा आहे. मागच्या समितीत हिशोब माझ्याकडे होते, तेव्हा ऑडिटसाठी समितीने लावून घेतला होता. काढून टाका. माझ्याकडे आलेले मेल मी पुसतो.

सचिव: धन्यवाद काका. काढला. पण समिती बदलली तेव्हा आम्ही पासवर्ड बदलला होता.

बी-४०३: पासवर्ड बदलल्याने फिल्टर जात नाही, सचिवसाहेब. पुढे पाठवायचा पत्ता जोडताना जीमेल त्या पत्त्यावर खात्री करणारा मेल पाठवतं, पण एकदा होकार आला की ते चालूच राहतं. इथे सगळं सांगून-सवरून झालेलं होतं. पण परक्या माणसाने खात्यात शिरकाव केला तर तोही हेच करतो: गुपचूप पुढे पाठवणारा नियम लावतो, किंवा बँकेच्या सूचना परस्पर बाजूला टाकणारा. मालकाला पत्ताच लागत नाही. तेव्हा सगळ्यांनी आपापल्या खात्यात आजच ही दोन पानं बघा: हे फिल्टरचं, आणि त्याच्याच जवळचं 'फॉरवर्डिंग'चं. तुम्ही न लावलेलं काही दिसलं तर ते काढा, पासवर्ड बदला आणि बाकीच्या उपकरणांवरून लॉगआउट करा.

ए-१०२: माझ्याकडे फॉरवर्डिंगमध्ये काही नाही. फिल्टर एकच आहे, मुलाने लावून दिलेला दिसतोय. त्याला विचारतो.

सी-२०१: माझ्याकडे जुन्या नोकरीच्या वेळचे बरेच फिल्टर निघाले. ज्या पत्त्यांवरून आता मेलच येत नाहीत त्यांचे काढून टाकले.

खजिनदार: पुढच्या समितीला हे कसं कळणार? एवढं सगळं लावून ठेवलं आणि नवीन माणसाला काही माहीतच नसेल तर पुन्हा तेच.

बी-४०३: फिल्टरच्या त्याच पानावर सगळे निवडून 'एक्सपोर्ट' दाबलं की एक फाइल उतरते. ती दुसऱ्या जीमेल खात्यात 'इंपोर्ट' करता येते. पण फाइल वाचून माणसाला नीट कळत नाही, म्हणून सोबत एका कागदावर साध्या मराठीत लिहा: कोणता फिल्टर, कशासाठी, कुणी लावला, कधी लावला. पदभार देताना फाइल आणि कागद दोन्ही द्या, आणि पुढे पाठवणारे फिल्टर त्याच बैठकीत तपासा.

सचिव: ठीक. आज जाहिराती आणि कंत्राटदारांच्या बिलांचे फिल्टर लावतो. तक्रारीचा पत्ता उद्या नोटीस बोर्डावर येईल. सी-२०१, तुमचा गळतीचा मेल ढिगात सापडला, प्लंबरला पाठवलाय.

सी-२०१: आभारी आहे. नवीन पत्त्यावर एक मेल टाकून बघते, लेबल लागतं का ते सांगा.