विषय: क्रोकस पुन्हा सडले, ट्यूलिपचं आज ठरवायचंय

वहिनी (अंबाजोगाई):
अण्णांनी सांगितलं तशी वाळू मिसळली, तरी क्रोकसचे (केशराच्या जातीतलं फूल) 23 कंद गेले. काल वाफा उकरला तर हाताला नुसता लगदा लागला. ट्यूलिपचे 7 कंद फ्रिजमध्ये आहेत. नोव्हेंबर संपत आला. लावू का थांबू? उद्या सकाळी माळीमामा येतात.

अण्णा (एडिनबरा):
वहिनी, वाळू सांगितली ती कुंडीसाठी! काळ्या मातीत चार घमेली वाळू कुठल्या कुठे जाते. क्रोकस तुर्कस्तान-बाल्कनच्या डोंगरउतारावरचे, रानटी ट्यूलिप मध्य आशियातल्या तिएन शान डोंगरांकडचे. हिवाळाभर थंडी, बर्फ वितळला की पाणी, उन्हाळ्यात कोरडी झोप. तुमच्याकडे नेमका झोपेतच पाऊस कोसळतो. मीसुद्धा पानं वाळली की कुंड्या शेडमध्ये ठेवतो, नाहीतर इथंही सडतात.

दादा (डॅलस):
अण्णा, काळ्या मातीला बोल लावू नका. ओल धरते म्हणून तर पाऊस नसताना रब्बीची ज्वारी येते. आमच्या आजोबांनी परळीच्या रानात त्याच ओलीवर घर चालवलं.

अण्णा:
अहो दादा, तीच ओल कंदाला मारते, एवढंच म्हणतोय. ज्वारीबद्दल मी काहीच बोललो नाही.

मावशी (टोरंटो):
फ्रिजमध्ये सफरचंदं आहेत का, ते आधी बघ गं. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, कंदाच्या आतली कळी तिथंच मरते. माझ्या पहिल्या वर्षी पानं छान आली, फूल एकही नाही. फार रडू आलं होतं. आणि 12 ते 16 आठवडे थंडी हवीच.

सचिव:
परदेशातून भारतात कंद बॅगेतून कोणी नेले? आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. मंडळाच्या सामानात हे चालणार नाही, मागच्या वेळीही बजावलं होतं.

वहिनी:
कोणीही नेले नाहीत, धाकट्या दिरांनी श्रीनगरहून आणलेत. मावशी, खालच्या कप्प्यात किलोभर सफरचंदं होती! आत्ताच काढली. कंद सप्टेंबरअखेर ठेवले, म्हणजे नऊच आठवडे झाले. डिसेंबरच्या शेवटी लावते.

दादा:
वाफा नकोच, कुंडी घ्या. निम्मा बारीक मुरूम घाला, आपल्याकडे माळावर लागेल तेवढा आहे. दुपारचं ऊन लागू देऊ नका.

अण्णा:
मुरूम चालेल. चाळून घ्या, धूळ राहिली तर पुन्हा चिखल होईल.

वहिनी:
माळीमामांना मुरूम आणायला सांगितलाय. मावशी, सफरचंदांनी कळी मेली असेल तर कंदावरून कळतं का गं? एक मधोमध कापून बघू का?