टॅमॉक्सिफेनबरोबर डीआयएमच्या कॅप्सूल? मदत हवी आहे
आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, आता टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती गोळी) चालूय. मावशीने डीआयएमच्या (डायइंडोलिलमिथेन नावाचं सप्लिमेंट) कॅप्सूल आणून दिल्यात, कोबी-ब्रोकोलीतलंच आहे, नॅचरल आहे, घे म्हणे. पण 2017 च्या एका ट्रायलमध्ये डीआयएम घेणाऱ्या बायकांच्या रक्तात एन्डॉक्सिफेन, म्हणजे या गोळीपासून शरीरात बनून खरं काम करणारं जे असतं तेच कमी दिसलं, म्हणून मी डबी उचलून ठेवलीये. डॉक्टरांना विचारणारच आहे, पण कोणाच्या घरी असं झालंय का, काय सांगितलं?

आणि भाजीचं सांगा ना. सल्फोराफेन (कोबी-ब्रोकोली चिरल्यावर बनतं, कॅन्सरविरुद्ध चांगलं मानतात ते) तयार करणारं एन्झाइम शिजवताना मरतं, म्हणून ते आधीच बनावं यासाठी मी कोबी चिरून अर्धा तास ठेवते, मग वाफवून वर कच्च्या मोहरीची पूड टाकते (तिच्यातही ते एन्झाइम असतं), फोडणीतली नाही. आईला कच्चं अजिबात पचत नाही. अजून काही करता येईल का?